वाढतं माप

पाच नंबरचा बूट बाईच्या पायात इतका बेतशीर बसला होता की आकारामअण्णा इंगवल्यांना क्षणभर स्वतःच्या नजरेचं कौतुक वाटलं. पट्टी न लावता, नुसत्या चालण्यावरून त्यांनी माप ओळखलं होतं. आणि तेवढ्यात बाई म्हणाली, "सहा नंबर दावा."

अण्णांनी चष्म्यावरून वर पाहिलं. एसटीची खाकी, खांद्यावर बिल्ला, पस्तिशीची ठणठणीत बाई. शाळा उघडायच्या आधीचा आठवडा. पापाची तिकटीजवळच्या त्यांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती आणि प्रत्येक स्टुलावर एक रडकं पोर होतं.

"बाई, हा बसलाय."

"आवळायलाय ओ."

अण्णांनी अंगठ्यानं बुटाचं टोक दाबलं, टाचेत बोट सरकवून पाहिलं. "ह्याला आवळणं म्हणत न्हाईत. बसणं म्हणत्यात. बूट पायाला धरतोय."

"मला धरलेलं चालत न्हाय. दिवसभर गाडीत हुबा असतो मी. जरा ढगळ पायजे. फुडं बोटास्नी जागा पायजे."

गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही हे अण्णा सगळ्यांना शिकवायचे, पण मापाच्या बाबतीत त्यांना स्वतःला ते कधी जमलं नव्हतं. तरी सहा नंबर आला. बाईनं तो घातला आणि दुकानातल्या दुकानात एक फेरी मारली. फटाक, फटाक, फटाक. टाच प्रत्येक पावलाला उचलून खाली आपटत होती. असा आवाज आला की अण्णांना दात कोरताना काडी हिरडीत गेल्यासारखं व्हायचं. बाईचा चेहरा मात्र असा खुलला की जणू माहेरच्या अंगणात पाय टाकला.

"हां! ह्यो बूट! काका, वळखलं न्हाईसा व्हय मला? मी संयोगिता. बालगृहातली. बारावीपतूर तुमचंच बूट घातलं की. तुमी एक नंबर वाढता द्यायचासा, आमी फुडं कागुद कोंबायचो. आता कागुद न्हाय कोंबत, पर बसता बूट घातला की जीव घाबरा हुतोय. आमच्यातल्या सगळ्यांचंच तसं हाय." मग ती स्वतःशीच हसली. "परवा मलकापूरच्या गाडीत एक बाप्या चढला. नुसता आवाज आला, फटाक-फटाक. मी तिकीट फाडतानं म्हटलं, काय रं, बालगृह व्हय? तर खरंच निघालं! लई हसलो आमी. तिकीट मात्र काढाय लावलं."

सहा नंबर पायात, जुने बूट खोक्यात आणि "येतो काका" म्हणून ती गर्दीतून बाहेर पडली. भाजीवाल्यांच्या, रिक्षांच्या, शेजारच्या मोबाइलच्या दुकानातल्या गाण्याच्या गोंगाटातूनही अण्णांना तो आवाज कोपऱ्यापर्यंत ऐकू येत राहिला. पुढच्या स्टुलावरच्या पोराचा पाय त्यांच्या हातात होता, त्याची आई काहीतरी विचारत होती, आणि अण्णांना कळत नव्हतं की आपल्याला आत्ता नेमकं काय झालं. कुणी शिवी दिली नव्हती. उलट प्रेमानंच बोलली होती बाई. तिच्या डोळ्यांत तक्रार असती तर बरं झालं असतं, तक्रार कशी परतवायची ते त्यांना माहीत होतं. ही तर आभार मानून गेली होती.

"आण्णा, लक्ष कुठं हाय? त्यो डावा उजव्यात घालालाय तुमी," गल्ल्यावरून सम्राट, त्यांचा मुलगा, ओरडला.

दुपारी दुकानाच्या माळ्यावर, बुटांच्या खोक्यांच्या मध्ये टाकलेल्या सतरंजीवर ते नेहमीसारखे आडवे झाले, पण डोळ्याला डोळा लागेना. चाळीसेक वर्षं. दर जूनमध्ये बालगृहाच्या सगळ्या पोरांना काळे बूट आणि दोन-दोन मोज्यांचे जोड. बूट ही तर नुसती सुरुवात होती. फिया भरल्या, चष्मे केले, उद्यमनगरात पोरं कामाला चिकटवली, एकाचं अपेंडिक्स फुटलं तेव्हा दवाखान्याच्या बाकड्यावर बसून राहिले, पोरींची लग्नं लावली आणि तीन-चार मांडवांत मुलीचा बाप म्हणून एवढे रडले की वऱ्हाडी मंडळींना खरंच बाप वाटला. पेठेतल्या तरुण मंडळानं एकदा त्यांचा सत्कार केला. त्यात एका वक्त्यानं भावनेच्या भरात, "अण्णांनी अनाथांना कायम जमिनीवर आणलं," असं म्हणून टाळ्या घेतल्या होत्या. अण्णाही तेव्हा हसले होते. आता ते वाक्य आठवून ते कुशीवर वळले. एक नंबर वाढता. हे कुणी ठरवलं? ठरवायला काय बैठक झाली नव्हती. पहिल्याच वर्षी बालगृहाचे तेव्हाचे साहेब म्हणाले, मालक, वर्षभर पुरलं पायजे, पोरांचा पाय वाढतोय. आणि अण्णांना ते शहाणपणाचं वाटलं. सगळ्या गावाचे आईबाप हेच म्हणतात की. वाढतं बघा. पण गावातल्या पोराला एखादं वर्ष वाढतं मिळतं, एखाद्या वर्षी मामा येऊन बसतं घेऊन देतो. आणि सम्राट? सम्राटच्या पायाला दर तीन-चार महिन्यांनी ते स्वतः पट्टी लावायचे. चवड्याला कधी चट्टा उठला नाही त्याच्या. शाळेच्या संचलनात त्याचा पाय कसा खडकन पडायचा! अण्णा मैदानाच्या कडेला उभे राहून तो ऐकायचे आणि शेजाऱ्याला सांगायचे, बूट बघा, बूट. म्हणजे पोटच्या पोराला बसतं आणि देवाच्या पोरांना वाढतं. हे असं शब्दांत मांडल्यावर त्यांना घाम फुटला. त्यांनी पंखा वाढवला. पंखा आधीच पाचावर होता.

संध्याकाळी ते फिरायला म्हणून निघाले, पण रंकाळ्याकडे जायच्या ऐवजी महाद्वार रोडवर लोकांच्या पायांकडे बघत चालत राहिले. आयुष्यभर पाय बघितलेला माणूस, पण आज ऐकत होता. आणि बिंदू चौकाच्या अलीकडे तो आवाज आला. फटाक, फटाक. पन्नाशीचा एक इसम, हातात केळीची पिशवी, पायात उंदरासारखे पुढे-मागे सरकणारे तपकिरी बूट. अण्णांना चेहरा आठवेना, पण चेहरे कुठवर आठवणार. त्यांनी वेग वाढवला. इसमानं मागे पाहिलं आणि त्यानंही वाढवला. शेवटी सिग्नलला अण्णांनी त्याला गाठलं.

"पावणं, ल्हानपण कुठं गेलं तुमचं?"

"आँ? गडमुडशिंगीत. का?"

"आईबाप?"

"हायत की घरात. तुमी कोण?"

"न्हाय, बूट जरा ढगळ वाटलं म्हणून इचारलं."

"सासऱ्याचं हायत," इसम म्हणाला, आणि केळी छातीशी धरून सिग्नल न बघताच पलीकडे पळाला.

अण्णा तिथंच दुभाजकाला टेकून उभे राहिले. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला रस्ता ओलांडायचाय, म्हणून दोघांनी आळीपाळीनं त्यांना पलीकडे नेऊन सोडलं, त्यातल्या एकानं उलट्या बाजूला. त्यांना मात्र वेगळंच काही आठवायला लागलं होतं, जे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं आणि सत्काराच्या भाषणात तर नाहीच. भाषणात ते म्हणायचे, समाजाचं देणं लागतो. लागत होते, पण समाजाचं नाही.

मंगळवार पेठेतल्या दोन खोल्यांत तेव्हा सतरा माणसं राहायची. चार चुलते, त्यांच्या बायका, त्यांची पोरं, एक कायमची आलेली आत्या. आकाराम त्या ढिगात कुठंतरी मधे. त्याचा शर्ट म्हणजे थोरल्या चुलतभावाचा शर्ट, त्याचं ताट म्हणजे ज्याचं जेवण उरकलं त्याचं ताट. वडील त्याला हाक मारताना आधी तीन दुसरी नावं घ्यायचे आणि चौथ्याला 'ए, तू' म्हणायचे. झोपायला जागा म्हणजे भिंत आणि धाकट्या चुलत्याच्या टाचा यांच्यामधली फट. चुलता झोपेत सायकल चालवायचा. आणि घराच्या मागच्या भिंतीपलीकडे बालगृहाचं आवार. भिंतीवर चढून आठ वर्षांचा आकाराम बघत बसायचा. ओळीत बसलेली पोरं, प्रत्येकाच्या पुढं स्वतःचं ताट. ओळीत घातलेल्या चटया, दोन चटयांच्या मधे हातभर मोकळी फरशी. प्रत्येकाची पत्र्याची ट्रंक, तिच्यावर आकडा. असली श्रीमंती त्यानं कुठं बघितली नव्हती. आपल्याला तिथं जायचं तर काय लागतं, हे त्यानं आत्याला विचारलं. ती म्हणाली, आईबाप नसावं लागत्यात, मेल्या. मग एका चैत्रातल्या संध्याकाळी आकाराम चेहरा पाडून बालगृहाच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, माझं आईबाप गेलं. साहेबांनी विचारलं, कशानं? एवढा विचार त्यानं केला नव्हता. तो म्हणाला, पुरानं. साहेबांनी बाहेरच्या धुळीकडे बघितलं, पोराकडे बघितलं आणि ताट वाढायला सांगितलं. त्या दिवशी त्याला स्वतःची चटई मिळाली. हात पसरला तर फरशी लागली, पाय पसरला तर कुणी शिवी दिली नाही. अडुसष्ट वर्षांच्या आयुष्यात तशी झोप पुन्हा लागली नाही. लग्नानंतर नाही, स्वतःचा बंगला झाल्यावर नाही, गोळी घेऊनसुद्धा नाही. घरी पत्ता लागला तो सकाळी, न्याहारीला एक भाकरी उरली म्हणून. मग सगळं खानदान बालगृहाच्या दारात. वडिलांनी आधी कानशिलात दिली आणि मग ओरडले, "पुरानं मेलो व्हय मी? चैतात?" अख्ख्या पेठेला हसायला महिनाभर पुरलं ते, आणि मग लोक विसरले. आकाराम विसरला नाही. दुकान हातात आल्यावर पहिली पेटी घेऊन तो त्या दारात गेला, तेव्हा लोकांना वाटलं दया. दया कसली! त्याला त्या पोरांचा हेवा वाटला होता, आणि त्यांची एक रात्र तो फुकट झोपून आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाय मोजायची लाकडी पट्टी काखेत मारून ते बालगृहात गेले. एरवी बुटांसाठी ते यादी मागवायचे, आकड्यात एक मिळवायचे आणि पेट्या पाठवायचे. समारंभाच्या दिवशी तेवढे हारासाठी जायचे. तेव्हा आज अधीक्षक मॅडम गोंधळल्या. पण मालकाला नाही कोण म्हणणार? व्हरांड्यात स्टूल मांडलं आणि पोरांची ओळ लागली. पहिल्याच पोराचा पाय पट्टीवर ठेवला तर तो हातात वाढायला लागला. अण्णांनी बघितलं, पोरानं बोटं अशी ताणली होती की नखं पांढरी पडली होती. दुसऱ्यानं टाच मागे रेटायच्या ऐवजी हळूच पुढे घेतली होती. तिसरीनं तर सरळ विचारलं, "एक जास्तीचा लिवा की."

"का गं? ढगळ बूट आवडतोय?"

पोरगीनं पाय मागं घेतला. दोन वेण्या, एका वेणीची रिबीन नाही. नऊ वर्षांची नुजहत. अण्णांनी तिचा गेल्या वर्षीचा बूट उचलला, कागद काढावा म्हणून उलटा केला आणि झटकला. कागद पडला. त्याच्या मागून एक गोटी, एक चपटी केलेली चॉकलेटची चांदी, तुटका रबर आणि एक दात.

"माझं हाय ते. द्या," नुजहतनं झडप घातली.

"दात कुणाचा?"

"माझाच की. कुणाचा असतोय?"

मग अण्णांनी शेजारचा बूट उलटा केला. त्यातून चिंचोके पडले. पुढच्यातून एक घड्याळाचा पट्टा. पुढच्यातून एका नटाचं कापलेलं डोकं, म्हणजे वर्तमानपत्रातलं. ओळीतली पोरं आता धास्तावली होती, आणि मागची दोघं आपापले बूट पाठीमागं लपवून भिंतीला चिकटली होती.

"ट्रंका हायत की तुमास्नी," अण्णा म्हणाले.

"ट्रंकला कुलूप न्हाय," नुजहत म्हणाली. "बुटात कोण हात घालत न्हाय."

"का?"

"वास येतोय."

अण्णांनी पट्टी बाजूला ठेवली. काल दुपारपासून त्यांनी स्वतःला इतकं झोडपलं होतं की आता त्या ढगळ जागेचा एवढा उपयोग होतोय हे बघून सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, आणि थोडं वाटलंही. पण लगेच दुसरी टोचणी लागली. म्हणजे चांगलं झालं तेही आपल्याला न कळता, आणि वाईट झालं तेही न कळताच. मग इतकी वर्षं आपण इथं काय करत होतो? पाणी पिऊन येतो म्हणून ते उठले आणि स्वयंपाकघरात गेले. तिथं बाळाबाई भाकरी थापत होती. बालगृहातच वाढलेली, लग्न न करता तिथंच राहिलेली, सत्तरीची, चार चुलींइतका आवाज असलेली बाई. पोरांना ती आजी, मॅडमना ती मावशी.

"काय मालक, आज पट्टीबिट्टी घिऊन?"

"बाळाबाई, मी चाळीस वर्षं ह्या पोरांस्नी ढगळ बूट घातलं."

"मग? मला काय पत्ता न्हाय व्हय? सकाळ-सांज फटाक-फटाक ऐकतोय मी."

"मग सांगायचं न्हाय?"

बाळाबाईनं भाकरी तव्यावर टाकली आणि दाराकडे बघून कुणी नाही याची खात्री केली. मग चाळीस वर्षांत कधी केलं नव्हतं ते तिनं केलं. ती त्यांना अरे-तुरे करून बोलली.

"तू इचारलंस व्हय कधी, आकाराम? तू यायचास, हार घालून घ्यायचास, फोटू काढायचास आणि जायचास. धर्माची गाय, तिचं दात कोण मोजतंय? आमी म्हटलं, देतोय तर देऊ दे."

अण्णा पाण्याचा तांब्या हातात घेऊन उभे. भाकरी फुगली. तिनं ती उलटली, आणि तिच्या खांद्यांवरून अण्णांना कळलं की ती हसतेय.

"आणि पुरात मेलेल्या आईबाचं पोरगं तू," ती म्हणाली. "चैतात."

तांब्यातलं पाणी अण्णांच्या धोतरावर सांडलं. "तुला... तुला म्हाईत हाय?"

"आरं, त्या सांजेला तुला वाढलं कुणी? मीच की! दहा-अकरा वर्सांची असंन मी. तू एक भाकरी खाल्लीस आणि ताटाकडं बगत बसलास. मी म्हटलं, पुरली का रं? तर तू न्हाय म्हणलास. आणखी दोन खाल्ल्यास. मेलेल्या आईबाचं पोर इतकं जेवतंय व्हय, म्हणून मी सायबास्नी सांगाय जाणार हुतो. पर म्हटलं, जाऊ दे, भूक तरी खरी हाय."

"मग इतकी वर्सं बोलली न्हाईस?"

"कशाला बोलू? तुजं बूट बंद झालं असतं," बाळाबाई म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसत मोठ्यानं हसली. अण्णाही हसले. हसताना त्यांना ठसका लागला, बाळाबाईनं पिठाच्या हातानं पाठीवर थापटलं, आणि ते पांढरा पंजा पाठीवर घेऊनच व्हरांड्यात परतले.

ओळ अजून तशीच उभी होती. अण्णा स्टुलावर बसले. विचारायचं म्हणजे काय विचारायचं, हे त्यांना सुचेना. दुकानात रोज शंभर लोकांना ते विचारायचे, काय दावू? इथं ते दोन शब्द चालेनात. शेवटी ते म्हणाले, "बसता देऊ का वाढता देऊ?"

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. प्रश्न परीक्षेतला असावा, चुकलं तर बूटच जातील, असं त्यांच्या तोंडावर होतं. मॅडम म्हणाल्या, "बोला, सर विचारतायत." मग नुजहत म्हणाली, "सँडल देतासा काय? लाल. टाचेची."

"नुजहत!" मॅडम ओरडल्या. पण उशीर झाला होता. ओळ मोडली. कुणाला लाइट लागणारे बूट हवे होते, कुणाला पाण्यातले, एकाला नवरदेव घालतो तसले गोंडेवाले. अण्णांच्या कानांत नुसता गलका झाला, आणि त्या गलक्यात त्यांनी तोंडातून काढलं ते वाक्य पुढं सम्राट त्यांना महिनाभर ऐकवत राहिला. ते म्हणाले, "रविवारी दुकानात या. शाळंचं काळं मिळतीलच, बसतं. त्याभायेर जे पायजे ते एक."

रविवारी दोन टेम्पोतून पोरं आली. शाळेआधीचा शेवटचा रविवार. सम्राटनं कपाळाला हात लावला. "आण्णा, आजच? पोरं मागच्या दारानं घ्या निदान." "म्होरच्या दारानं येतील. गिऱ्हाईक हायत ती," अण्णा म्हणाले, आणि स्वतः खाली स्टुलावर बसले. पुढचे दोन तास दुकानाचं जे झालं ते सांगण्यासारखं नाही. खोक्यांचे डोंगर झाले. दोन जुळ्या भावांनी एकानं निळा, एकानं हिरवा असे जोड घेतले आणि मग एकेक पाय बदलून दोघांनी दोन्ही रंग घातले. गोंडेवाल्यानं आरशासमोरून हलायला नकार दिला. तिघा-चौघांनी विचार करून, काळेच पण एक नंबर वाढते, असं सांगितलं. अण्णांनी का ते विचारलं नाही, दिले. एरवी समारंभात ही पोरं मॅडमच्या इशाऱ्यावर एका सुरात आभार म्हणायची. आज कुणाला शुद्ध नव्हती. आवळतंय, लागतंय, रंग मळका हाय, दुसरा दावा, असाच आरडाओरडा चालला होता, आणि अण्णांना सारखं कुणावर तरी खेकसावं लागत होतं.

भांडण झालं ते शेवटी. लाल सँडल होती, अगदी नुजहतच्या मनासारखी, टाचेवर चकचकीत फूल. पण एक नंबरची आणि तीन नंबरची. तिचा पाय दोन.

"तीन द्या," ती म्हणाली.

"ढगळ हुतीया. टाचेची हाय, पाय मुरगळंल."

"कागुद घालतो की फुडं."

"न्हाय."

"इतकी वरसं दिलासा की ढगळ! आता काय झालं?"

"न्हाय म्हंजे न्हाय. दुसरी घे. ही गुलाबी बघ, बसतीया."

"गुलाबी नको. तीनच पायजे."

"देणार न्हाय मी."

चाळीस वर्षांत अण्णांनी बालगृहाच्या पोराला नाही म्हटलं नव्हतं. सम्राट गल्ल्यावरून बघत राहिला. नुजहत रडली नाही. तिनं तीन नंबरची सँडल खाली आपटली आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "चिकट हाईसा तुमी! लई चिकट!" आणि बाहेर जाऊन पायरीवर बसली. मॅडम लालबुंद झाल्या. "नुजहत, सॉरी म्हण सरांना. ह्या क्षणी!" टेम्पोवाला हॉर्न वाजवायला लागला. बाकीची पोरं खोकी छातीशी धरून जागच्या जागी थिजली. अण्णांना वाटलं, आपल्याला आता वाईट वाटेल. ते वाट बघत राहिले. वाईट वाटेना. राग मात्र आला होता, खरा, नाकपुड्या फुगवणारा, सम्राट दहावीला असताना यायचा तसला. एवढी पोरगी, दोन हात करायला उभी! ते उठले, चपला सरकवल्या आणि पायरीवरून तिला ओलांडून सरळ रस्त्यात उतरले.

समोर बाबालाल मुजावरचं दुकान होतं. लेडीज फॅन्सी. बाबालाल आणि अण्णा एका वर्गातले, पण दुकानाच्या बोर्डावरून, म्हणजे कुणाचा बोर्ड कुणाच्या बोर्डाला झाकतो यावरून, दोघांत इतकं फाटलं होतं की वीस वर्षं ते समोरासमोर बसून एकमेकांच्या डोक्यावरून बघत होते. अण्णा त्या दुकानाची पायरी चढले तेव्हा बाबालालनं हातातला चहा खाली ठेवला.

"या पावणं," तो सावधपणे म्हणाला. "बोर्डाचं बोलायचं असंल तर वकील हाय माझा."

"लाल सँडल. टाचेची. फूल असलेली. दोन नंबर."

"कुणाला?"

"पोरीला."

"तुला पोरगी कवा झाली?"

"आज सकाळी."

बाबालालनं त्यांच्याकडे बघितलं, मग रस्त्यापलीकडे पायरीवर फुरंगटून बसलेल्या नुजहतकडे, टेम्पोंकडे, खोकी धरलेल्या पोरांच्या रांगेकडे. त्यानं वरच्या फळीवरून खोकं काढलं. "वाढता पाय दिसतोय. एक नंबर मोठी घेतोस का? पुढं..."

"वाढती नको!" अण्णा इतक्या जोरात ओरडले की दुकानातल्या बायका वळून बघायला लागल्या.

"बरं, बरं. ओरडू नगंस. बसली न्हाय तर बदलून देतो," बाबालाल म्हणाला. त्यानं एक रुपया कमी केला नाही, आणि अण्णांनीही मागितला नाही.

नुजहतनं सँडल घातली. पायरीवरून उतरली, चार पावलं गेली, परत आली. टाचेवरचं फूल बघायला तिनं पाय मागं वाकवला आणि पडता पडता अण्णांचा दंड धरला. सँडल बसली होती. ती पाय निरखत राहिली. मॅडमनी डोळे मोठे करून, "काय म्हणायचं असतं?" असं दोनदा विचारलं. नुजहतला ते ऐकूच गेलं नाही. तिच्या कपाळावर एक आठी होती.

"ह्याच्यावर आता क्लिपा पण लालच लागतील," ती म्हणाली. "समोर हायत. फळीवर. मी बघितल्यात इथनं."

अण्णांनी तोंड उघडलं. वरच्यावर मागायचं नसतं, हे त्यांच्या वडिलांचं वाक्य अगदी दातांपर्यंत आलं होतं. टेम्पोवाल्यानं पुन्हा हॉर्न दिला. समोर बाबालाल खोक्याचं झाकण हातात धरून दारातच उभा होता.

"ऐकाय येतंय न्हवं?" नुजहत म्हणाली.

"येतंय की," अण्णा म्हणाले, आणि रस्ता ओलांडायला पुन्हा खाली उतरले.